मदत हवी आहे: हिरडीची फ्लॅप सर्जरी लगेच करून घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

वय ४३. ब्रश करताना रक्त येतं, हे दोन-तीन वर्षं अंगावरच काढलं. दुखत नव्हतं ना! गेल्या महिन्यात खालची एक दाढ हलतेय असं वाटलं, तेव्हा कुठे दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खुणा केलेली बारीक सळई हिरडीत घालून एकेका दाताभोवती हिरडी दातापासून किती खोल सुटलीय ते मोजलं. बऱ्याच ठिकाणी ४-५ मिमी, त्या दाढेपाशी ७. तीनपर्यंत ठीक असतं म्हणे. एक्स-रेमध्ये तिथलं हाड खचलेलं मलासुद्धा दिसलं.

आता ते म्हणतात, भूल देऊन दोन वेळा डीप क्लीनिंग (हिरडीखालची खोल सफाई) करू आणि त्यातच दाढेची फ्लॅप सर्जरी उरकू. म्हणजे हिरडी उघडायची, मुळं साफ करायची, टाके घालायचे. नुसत्या क्लीनिंगने किती फरक पडतो ते आधी बघता येणार नाही का?

त्यात आईचं पालुपद: "दात साफ केले की हलायला लागतात, माझे तसेच गेले." मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. दिवसाला दोन-तीन सिगारेटी. (ओरडू नका, घरी रोज ऐकतो.)

कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
मी गेलेय. माझं आधी क्लीनिंग केलं, दोन महिन्यांनी पुन्हा सगळे आकडे घेतले. ६ चे बरेचसे ४ वर आले, शेवटी एकाच दाढेची सर्जरी लागली. साधारण क्रम हाच असतो. पण दाढेच्या दोन मुळांमधल्या फाट्यापर्यंत हाड खचलं असेल तर वरून अवजार नीट पोचत नाही, त्यामुळे तुमचे डॉक्टर चूकच आहेत असं म्हणवत नाही. "फाटा उघडा पडलाय का?" एवढं विचारा. फक्त हिरड्या बघणाऱ्या पेरिओडॉन्टिस्टचं मतही घ्या.

आईंचं म्हणाल तर, हाड आधीच गेलेलं असतं. कीटणाने दात एकमेकांना जखडून धरलेले असतात, ते निघालं की हलणं कळतं. सूज उतरली की फटीही दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबतं. मीही घाबरले होते.

प्रतिसाद २
साखर आधी आणा खाली. ती वाढलेली असली की हिरड्या लवकर भरत नाहीत, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही आटोक्यात राहत नाही. सिगारेटीने तर रक्त येणंच कमी होतं, म्हणजे तुमचं दिसतंय त्याहून जास्त असू शकतं.

धागाकर्ता
फाट्याचं कोणी बोललंच नव्हतं. सोमवारी एक्स-रे घेऊन जातो आणि विचारतो. दातांच्या फटीत घालायचा तो छोटा ब्रश आतापासून वापरला तर चालेल का, की क्लीनिंगनंतरच?

प्रतिसाद १
आजपासूनच. पहिले काही दिवस रक्त येईल, म्हणून थांबू नका. फटीत सहज जाईल तेवढ्याच जाडीचा घ्या, रेटून घालू नका.