मदत हवी आहे : नीलम निळा, मग तीच मूलद्रव्ये असलेली वाळू काळी का?

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी किनाऱ्यावरील काळी वाळू, म्हणजे लोह व टायटॅनियमचे ऑक्साइड असलेले इल्मेनाइट, आमच्या शाळेच्या प्रदर्शनात मांडायचे असून शेजारी रत्नांच्या रंगांचा तक्ता लावताना मी एका ठिकाणी अडकलो आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा शुद्ध स्फटिक रंगहीन असतो. त्यातील थोड्या ॲल्युमिनियमची जागा क्रोमियमने घेतली की माणिक होते, आणि तेच क्रोमियम बेरिल या खनिजात शिरले की हिरवागार पाचू, कारण तेथे भोवतालच्या ऑक्सिजनचा क्रोमियमवरील प्रभाव किंचित क्षीण असतो व शोषला जाणारा प्रकाश बदलतो. इथवर मुलांना सांगता येते. (तेवढ्यालाही दोन तास लागले!) त्याच ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या नीलमात मात्र त्यात शिरलेल्या लोहाकडून टायटॅनियमकडे इलेक्ट्रॉन सरकताना पिवळा-तांबडा प्रकाश शोषला जातो व निळा उरतो, मग हीच जोडी असलेले इल्मेनाइट काळेकुट्ट का दिसते? नीलमात ही मूलद्रव्ये एक टक्क्याहूनही कमी असतात, तर वाळूच्या कणात स्फटिकच त्यांचा बनलेला असतो, एवढ्यावरून हा फरक समजावता येईल का? नववीच्या मुलांना पटेल असा, लोलक आणि विजेरी एवढ्याच साहित्यात करता येणारा एखादा प्रयोग जाणकारांनी कृपया सुचवावा.