न वाचणाऱ्या मुलीला बळंच वाचायला बसवावं का?

सईची_आई:
लेक चौथीत, इंग्रजी माध्यम. गोष्ट सांगायला घेतली की जेवणाचंही भान राहत नाही, पण पुस्तक हातात दिलं की लगेच तहान लागते, पाय दुखतात, शू लागते. नवऱ्याने नियम काढलाय: रोज अर्धा तास मराठी वाचन, मगच टीव्ही. ती पान उघडून घड्याळाकडे बघत बसते. माझ्या मते हा नियम मोडीत काढावा. सासूबाई मुलाच्या बाजूने, त्यामुळे घरात मी एकटी पडलेय. तुम्हाला काय वाटतं?

दादरकर:
अजिबात काढू नका. पाढे आपल्यापैकी कुणी हौसेने पाठ केले होते? आधी बैठक लागते, गोडी मागाहून येते. मुलांच्या कलाने घ्यायचं म्हणत म्हणत कल कायम मोबाइलकडेच जातो. अर्धा तास म्हणजे काही काळ्या पाण्याची शिक्षा नव्हे.

गोष्टवाली:
मी ठाण्यात मुलांचं छोटं वाचनालय चालवते. ताई, सक्तीचं राहू द्या बाजूला, आधी तिला एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि नुसतं ऐका. इंग्रजी माध्यमाची बरीच मुलं काना-मात्रेपर्यंत ठीक असतात, रफार आला की गाडी अडते. 'पर्वत'चं 'पवर्त' होतं, 'आश्चर्य'पाशी तर थांबाच. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अशा वाचनात गोष्ट कुठून सापडणार? त्याला आपण आळस म्हणतो.

दादरकर:
मग सराव वाढवा! रफार न वाचता रफार कसा येईल? 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं ते याचसाठी ना?

गोष्टवाली:
विषय सक्तीचा करता येतो, आवड नाही. सराव हवाच, पण झेपेल अशा मजकुरावर. 'प्रथम बुक्स' या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत आणि स्तर 1 ते 4 अशी लावलेली आहेत. स्तर 2 पासून सुरू करा. मोठ्या अक्षरांची, पानाला दोन-चार ओळी असलेली. आणि रात्री तुम्ही तिच्यापेक्षा वरचं पुस्तक वाचून दाखवा, बोट ओळीखाली फिरवत. ऐन रंगात आलं की "भाजी जळतेय" म्हणून उठा. पुढचा परिच्छेद ती चोरून वाचते की नाही बघा.

न्यूजर्सीची_मावशी:
इथे रविवारच्या मराठी शाळेत हेच दिसतं. बोलतात फाडफाड, वाचताना घाम फुटतो. माझा मुलगा चित्रकथांवर वाचायला लागला. फुग्यात चार शब्द, बाकी चित्र सांभाळून घेतं.

दादरकर:
चित्रकथा म्हणजे वाचन नव्हे. चित्रं बघून पानं उलटायची.

न्यूजर्सीची_मावशी:
मग दादरकर, तुम्ही लहानपणी 'चांदोबा' घ्यायचात तो संपादकीयासाठी का? 😀

पाटील_सातारा:
वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे 15 ऑक्टोबरला, शाळेत मुलं पुस्तक घेऊन बसतात, फोटो निघतो, पुस्तकं परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. त्यापेक्षा एकदा भिलारला घेऊन या. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकं मांडलेली असतात, कुणी "वाच" म्हणत नाही. पुस्तक नाही आवडलं तर स्ट्रॉबेरी तरी खाईल (हंगाम बघून या). आणि एक विचारतो, राग नसावा: नियम काढणारे वडील स्वतः त्या अर्ध्या तासात काय करतात?

सईची_आई:
क्रिकेट बघतात. आवाज बंद करून.

दादरकर:
हे मात्र चूक. सक्ती असेल तर घरात सगळ्यांना सारखी. पण सक्ती हवीच, मत बदललेलं नाही. 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवलेत, वडिलांनी त्यातलं वाचावं, ते आवाज न करताही वाचता येतं.

सईची_आई:
गोष्टवालीताई, काल मोठ्याने वाचायला लावलं. तुम्ही म्हणता तसंच, रफार आणि 'ज्ञ'. स्तर 2 चं एक पुस्तक मात्र दोनदा वाचलं. पण सासूबाई म्हणाल्या, चौथीतली घोडी आणि बालवाडीचं पुस्तक? शेजारचा मुलगा इंग्रजी कादंबऱ्या वाचतो.

गोष्टवाली:
सासूबाईंनाच वाचून दाखवायला सांगा तिला. चष्मा सापडत नाही म्हणायचं.