मदत हवी आहे : संभाजीनगर–नांदेड सर्किट उठतच नाही

गोदाकाठ
दोन दिवस झाले, डोकं धरून बसलोय. संभाजीनगर ते नांदेड फायबरवरून नवीन सर्किट (ग्राहकाची डेटा लाइन) द्यायचंय. सॉफ्टवेअरने जवळचा मार्ग दिला, जालना–परभणी. वेव्हलेंग्थ (फायबरमधल्या प्रकाशाचा एक रंग) मोकळी आहे, पॉवर येतेय, तरी नांदेडला एफईसीला (चुका दुरुस्त करणारा कोड) झेपणार नाहीत एवढ्या चुका. कार्डही बदलून पाहिलं. उद्या सकाळी ग्राहकाला द्यायचंय. लवकर सांगा राव.

परभणीकर_फायबर
१००जी का २००जी (सेकंदाला गिगाबिट)? प्रत्येक स्पॅनचा (दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला फायबरचा तुकडा) लॉस किती? पॉवर येतेय एवढ्यानं काय कळणार? अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो, वर स्वतःचा घालतो. ओएसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर, डीबीत) सांग.

जुना_लाइनमन
सरळ ३ डीबी लॉन्च (फायबरमध्ये सोडायची पॉवर) वाढवा. बीडच्या लिंकला आम्ही हेच केलं होतं.

परभणीकर_फायबर
दादा, ते १०जीचे दिवस होते. सगळ्या चॅनेलची पॉवर ३ डीबीनं (दुप्पट) वाढवली तर नॉनलिनियर गोंगाट (जास्त पॉवरमुळे फायबरमध्येच होणारा) ९ डीबीनं (आठपट) वाढतो. चालू असलेले ग्राहकही बसतील.

जुना_लाइनमन
सगळीकडे कुठं म्हणलो? जो स्पॅन लांब आहे तेवढ्यालाच. तिथं थोडी वाढवणं चूक नाही.

लातूरची_पोरगी
आमच्या घरच्या ब्रॉडबँडच्या डब्यावर लाल दिवा लागायलाय चार दिवसांपासून. हेच कारण असेल का?

गोदाकाठ
ताई, तुमची वायर वाकली किंवा तुटली असेल, तक्रार टाका.
लिहायचं राहिलं : २००जी, सोळा क्यूएएम (एका वेळी चार बिट पाठवायची पद्धत). लॉस १६, ३५, १९ डीबी. ३५चा जालना–परभणी. रस्ता रुंदीकरणात जेसीबीनं केबल तीनदा तोडली, जोडावर जोड आहेत.

परभणीकर_फायबर
हे आधी सांगायचं ना भाऊ! लॉन्च ० डीबीएम (१ मिलीवॅट), नॉइज फिगर (अ‍ॅम्प्लिफायर किती गोंगाट घालतो तो आकडा) ५ धर. स्पॅनचा ओएसएनआर म्हणजे ५८ (ठरलेला आकडा) अधिक लॉन्च, वजा नॉइज फिगर, वजा लॉस. तुझे तीन : ३७, १८, ३४. गोंगाटाची बेरीज होते, म्हणून शेवटी १८च्या खालीच. सोळा क्यूएएमला वीसच्या वर लागतो.
आता बीड–अंबाजोगाई–लातूरकडून बघ. सहा स्पॅन, प्रत्येकी २० डीबी धरले तर ३३ वजा ७.८ (सहापट गोंगाटाचे), म्हणजे २५. अंतर जास्त, पण सिग्नल चांगला. सॉफ्टवेअरनं किलोमीटर मोजले, गोंगाट मोजलाच नाही. किलोमीटरच्या जागी प्रत्येक स्पॅनचा गोंगाट (डीबीत नाही, साध्या आकड्यात) घाल. बेरीज होते म्हणून तोच डायक्स्ट्रा (सर्वात कमी बेरजेचा मार्ग शोधायची रीत) चालतो.

हिंगोली_नोड
एवढा वळसा कशाला? क्यूपीएसकेवर (एका वेळी दोनच बिट) १००जीच्या दोन वेव्हलेंग्थ जालन्याकडूनच टाक. त्याला १२–१४ डीबी पुरतो.

परभणीकर_फायबर
आणि चौथ्यांदा जेसीबी आला तर? दोन्ही एकदम जातील.

हिंगोली_नोड
बीडकडं काय रस्ते होत नाहीत का? जीएनपायमध्ये (मार्गाचा ओएसएनआर काढायचं सॉफ्टवेअर) दोन्ही मार्ग टाकून बघू द्या त्याला. फुकट आहे.

गोदाकाठ
बीडकडून पाहिलं. माझी वेव्हलेंग्थ लातूरपर्यंत मोकळी, पुढं अडलेली. दुसरी एक शेवटपर्यंत मोकळी सापडली, तीच लावली. उठलं! ओएसएनआर २३.६, रात्रभर चुका मोजतोय. परभणीकर, लई उपकार झाले.

जुना_लाइनमन
छान. पण जालना–परभणीला ओटीडीआर (फायबरमध्ये कुठं किती लॉस ते दाखवणारं यंत्र) लावून ते जोड बदलून घ्या. कुठल्या किलोमीटरला किती लॉस जातोय ते इथं टाका, बघून सांगतो.