४१६४१६४१६४१६ चे विभाजक ३८४ की २८८?

हळदपेठ:
सांगलीचा पिनकोड ४१६४१६. तोच दोनदा सलग लिहून ४१६४१६४१६४१६ वर वर्गासाठी एक गणित बेततोय. फोड अशी केली: ४१६ × १००१ × १०००००१. यांचे विभाजक अनुक्रमे १२, ८ आणि ४, म्हणजे एकूण ३८४. प्रोग्रॅम मात्र २८८ दाखवतो. नक्की चुकतंय कोण?

अजिंक्यतारा:
प्रोग्रॅम बरोबर आहे. ४१६ = २^५ × १३ आणि १००१ = ७ × ११ × १३. विभाजकांच्या संख्यांचा गुणाकार दोन संख्यांचा मसावि १ असेल तरच चालतो. इथे तो १३ आहे. तुम्ही दोन्ही १३ वेगळे धरून २ × २ = ४ पर्याय मोजलेत. १३^२ मधून पर्याय तीनच निघतात: १, १३, १६९. म्हणून ३८४ चे पाऊणपट, २८८.

पूर्ण फोड: २^५ × ७ × ११ × १३^२ × १०१ × ९९०१. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ६ × २ × २ × ३ × २ × २.

९९०१ ही मूळसंख्या आहे का हे वेगळं तपासायची गरज नाही. १०००००१ = १०१ × ९९०१, त्याला १०१ पेक्षा लहान एकाही मूळसंख्येने भाग जात नाही आणि ९९०१ हा १०१ च्या वर्गापेक्षा, म्हणजे १०२०१ पेक्षा, लहान आहे. झालं.

वारणाकाठ:
हाच खड्डा युलरच्या फी फलातही आहे (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी मसावि १ आहे, ते हे फल मोजतं). ४१६ चं १९२, १००१ चं ७२०. नुसता गुणाकार १३८२४० येतो. त्याला १३/१२ ने गुणलं की ४१६४१६ चं खरं उत्तर मिळतं, १४९७६०.

कोणी सी या प्रोग्रॅमिंग भाषेत करून बघणार असेल तर इंट (साधारण ३२ बिटांचा पूर्णांक) वापरू नका. ३२ बिटांची मर्यादा २१४७४८३६४७, आपली संख्या तिच्या जवळजवळ १९४ पट. शिवाय नुसती आपली संख्या लाँग लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) करून भागत नाही. विभाजक मोजताना चल संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६४५३०३ पर्यंत जातो, तो इंट राहिला तर 'चल × चल' ४६३४० च्या पुढे फुटतो आणि लूप भलतीकडे जातो. पिनकोड तीनदा जोडायचा मोह झाला तर एक्सेल टाळा. पंधरा अंकांनंतर ते शून्यं भरतं, ४१६४१६४१६४१६४१६००० दिसेल.

हळदपेठ:
१३ चा घोळ कळला. याच संख्येवर आणखी एखादा प्रश्न निघेल का?

अजिंक्यतारा:
पूर्ण वर्ग होण्यासाठी कमीत कमी कितीने गुणावं, हा विचारा. विषम घातांकाचे अवयव २, ७, ११, १०१, ९९०१, गुणाकार १५४०००१५४. वर्गमूळ येतं ८००८००८००८. मुलं उत्तर बघून चमकतील. बाकी शेजारच्या मिरजेच्या ४१६४१० ला ७, ११, १३ पैकी एकानेही भाग जात नाही, कारण तो सांगलीच्या पिनपेक्षा फक्त ६ ने कमी आहे.