मदत हवी आहे: गरम न करता खाता येईल असा डबा सुचवा ना

मंडळी, गोव्यात फोंड्याहून वेर्ण्याला कामाला जाते, सकाळी सातला भरलेला डबा दीडला उघडतो आणि ऑफिसात ओव्हन नाही. काल चवळीच्या भाजीत सवयीने मूठभर ओला नारळ घातला, दुपारी झाकण काढलं तर आंबूस वास आणि भाजीला तार सुटलेली, सगळी टाकली. पण नारळाशिवाय भाजी घशाखाली उतरत नाही ना आपल्या! दहीभात दुधात कालवून वर चमचाभरच दही घालते, तो आंबट होत नाही, पण रोज तोच किती खाणार? पोळी वातड होते, पोई (आपला गोव्याचा कोंडा लावलेला पोकळ पाव) थंडही बरी लागते, आत काय भरू? सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोशिंबीर, नेली असती पण शेजारची नाक मुरडते. पाच दिवस निघतील असं सांगा कायतरी.