क्री भाषेत गाणी लिहिणाऱ्या मुलीचा अनुदानाचा अर्ज: कोणी मदत केली आहे का?

गिटारवाला, विनिपेग
नमस्कार मंडळी. मी इथे गिटारच्या शिकवण्या घेतो. माझ्याकडे एकोणीस वर्षांची एक मुलगी येते, मूळची उत्तर मॅनिटोबातल्या एका क्री वस्तीतली (क्री हा कॅनडातला एक मूलनिवासी समाज). स्वतः गाणी लिहिते, काही इंग्रजीत, काही क्रीमध्ये. आजीशी फोनवर बोलताना नवा शब्द कानावर पडला की वहीच्या समासात टिपून ठेवते आणि कधीतरी तोच शब्द ध्रुवपदात येऊन बसतो. तिला पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, करायचाय, पण दुकानातल्या रात्रपाळीमुळे लिहिणं सारखं मागे पडतं. कलांना अनुदान देणाऱ्या कॅनडा काउन्सिलकडे अर्ज करू म्हणते. मला यातलं काही ठाऊक नाही. माझं नाव कुठे घालावं? बजेट कसं मांडायचं?

स्टुडिओवाली
काउन्सिलची ‘क्रिएटिंग, नोइंग अँड शेअरिंग’ ही योजना बघा. ती फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी, म्हणजे इथल्या मूलनिवासी कलाकारांसाठीच आहे आणि अर्ज तपासणारेही त्यांच्यातलेच असतात. त्यामुळे आपण कोण, आपली भाषा का जपायची, हे पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही. तिने थेट गाण्यांबद्दल लिहावं. अर्जदार तीच. तुम्ही वाजवणार असाल तर वादक म्हणून, ठरलेल्या मानधनासकट. अर्जाची भाषा मात्र सुधारायला जाऊ नका. मी असे बरेच अर्ज वाचलेत. गुळगुळीत इंग्रजीत लिहिलेला अर्ज कोणाचाही वाटतो. तुम्ही वर वहीच्या समासाबद्दल लिहिलंय ना, ते तिच्या शब्दांत अर्जात आलं पाहिजे.

बजेटमध्ये सगळेजण रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग लिहितात आणि स्वतःचं मानधन गाळतात. तसं करू देऊ नका! रात्रपाळ्या कमी करून लिहायला बसायचं, तर त्या आठवड्यांचे पैसे धरायलाच हवेत. आजी उच्चार तपासणार असेल तर तिचंही मानधन लावा, ते कामच आहे. एखादी चाल घराण्यातली किंवा विधीतली असेल तर परवानगी आधी. ज्येष्ठांकडे काही मागताना तंबाखू अर्पण करायची रीत आहे. ते कसं करायचं हे तिला आणि तिच्या घरच्यांना ठाऊक असेल, आपण त्यात पडू नये.

आणि हो, हे अनुदान करपात्र असतं, टी-४ए हा कराचा कागद येतो. थोडी रक्कम बाजूला ठेवायला आत्ताच सांगा.

प्रेअरीतला मराठी
वरच्या ताईंशी सहमत, पण सगळी भिस्त एका अर्जावर नको. विनिपेग फोक फेस्टिव्हलचा यंग परफॉर्मर्स प्रोग्रॅम १४ ते २४ वयाच्या मुलांसाठी आहे; अनुभवी कलाकार शिकवतात आणि महोत्सवाच्या रंगमंचावर गायला मिळतं. मॅनिटोबा आर्ट्स काउन्सिलची ‘इंडिजिनस ३६०’ योजनाही पाहा. गाणी सोकॅनकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदवली नसतील तर आधी ते करा, नाहीतर रेडिओवर वाजूनही रॉयल्टी हाती येत नाही.

एक शंका मात्र आहे. क्री गाण्यांना श्रोते कितीसे मिळणार? तिने इंग्रजीवर भर दिला तर पुढे सोपं जाणार नाही का?

स्टुडिओवाली
नाही, हे मला अजिबात पटत नाही. जेरेमी डचर या मूलनिवासी गायकाचा पहिला अल्बम संपूर्ण त्याच्या वोलास्तोके भाषेत आहे. ती बोलणारे फार थोडे उरलेत. जुन्या मेणाच्या नळकांड्यांवर टिपलेली पूर्वजांची गाणी ऐकून त्याने तो रचला आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॅनेडियन अल्बमचा २०१८ चा पोलारिस पुरस्कार त्यालाच मिळाला. २०२४ मध्ये पुन्हा मिळाला. पोलारिस दोनदा जिंकणारा तो पहिलाच. कुठलं गाणं कोणत्या भाषेत, हे तिचं तिला ठरवू द्या. अनुदान घ्यायचं ते त्याचसाठी, बाजाराकडे बघत लिहावं लागू नये म्हणून.

गिटारवाला, विनिपेग
मनापासून आभार. आजीचं मानधन आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. सोकॅनची नोंदणी या आठवड्यात करतो. अर्ज तीच लिहील, मी फक्त बेरजा तपासेन. डेमोसाठी दोन गाणी निवडायची आहेत. ती म्हणते, दोन्ही क्रीच.