पेट स्कॅनमध्ये एआयने गाठ दाखवलीय, म्हणजे मावशीचं पसरलं असंच धरायचं का?

डिचोलीकर
मावशीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन दोन वर्षांमागे झालं, आता फॉलोअपला पेट-सीटी केला तर छातीच्या मधल्या लिम्फ नोडवर, म्हणजे लसिका गाठीवर खूण आलीय, सेंटरवाले म्हणतात आमच्या एआय सॉफ्टवेअरने पकडलं. डॉक्टर म्हणतात सुईने तपासू. गणपतीची चवथ तोंडावर आलीय आणि माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) नावसुद्धा कोणी काढत नाही घरात. काका विचारतायत मशीनच सांगतंय तर परत बायोप्सी कशाला?

फोंडेकार
याच लायनीत आहे म्हणून सांगतो. पेटमध्ये कॅन्सर दिसत नाही हो, साखर दिसते. एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन लावलेली साखरच, जी पेशी जास्त ओढते ती चमकते. मेंदू रोजच चमकतो, मूत्राशय चमकतं, टीबीची गाठ पण चमकते आणि टीबी आपल्याकडे काय कमी आहे? सॉफ्टवेअर ती चमक मोजतं, डोळ्यातून निसटेल अशी बारीक जागा दाखवतं, पण चमक कशाची ते तुकडा बघितल्यावरच कळणार. तिथली गाठ बहुतेक दुर्बीण घालून श्वासनळीतून सुईने तपासतात, छाती उघडत नाहीत, हे मावशीला आधी सांगा.

म्हापशेंकार
एआय बिआय सगळा बिल वाढवायचा धंदा.

बांबोळी_रिटर्न
धंदा असेल पण तंत्र फुसकं नाही. कॅमेलिऑन १६ नावाची स्पर्धा झाली, निकाल २०१७ ला जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला, ब्रेस्ट कॅन्सरच्या लिम्फ नोडच्या १२९ स्लाइड्स, घाईत तपासणाऱ्या ११ पॅथॉलॉजिस्टपेक्षा चांगले एआय प्रोग्राम सरस ठरले. आणखी एका पॅथॉलॉजिस्टला मात्र हवा तेवढा वेळ दिला, त्याने ३० एक तास घेतले आणि तो प्रोग्रामांच्या बरोबरीला आला. पण बघा, ते सगळं काढलेल्या तुकड्याच्या स्लाइडवर, पेटवर नाही. म्हणजे तिथे पण तुकडा आधी लागलाच ना. काकांना हेच सांगा.

डिचोलीकर
काकांना साखरेचं सांगितलं तर लगेच म्हणाले, हिला तर डायबेटीस आहे, मग?

फोंडेकार
रिपोर्टवर त्या दिवशीची शुगर लिहिलेली असते बघा. २०० च्या वर असेल तर सहसा स्कॅन पुढे ढकलतात. आणि ऑपरेशनच्या वेळच्या सीटीची सीडी असली तर घेऊन जा, हीच गाठ तेव्हा पण एवढीच होती का ते डॉक्टरांना बघू द्या.

डिचोलीकर
१४२ आहे. सीडी मिळाली, लग्नाच्या अल्बममध्ये ठेवली होती काकांनी. देव बरें करूं.